समित्यांच्या याद्या एकदा शेजारी शेजारी ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या गावाचं मूल्यमापन करायला टीम आली होती. अर्धा तास ग्रामपंचायतीत बसले, चहा झाला, समिती आहे का तर आहे, प्रोसिडिंग आहे का तर आहे, टिक मारली, फोटो काढला आणि गाडी पुढच्या गावाला. मी बचत गटाची सचिव, हिशोबाची वही मांडीवर घेऊन बसले होते, कुणी उघडून बघितली नाही. पाणीपुरवठा समिती, शाळा व्यवस्थापन समिती, तंटामुक्ती, सोसायटी, सगळ्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर तीच सहा-सात नावं फिरून फिरून दिसली असती.

ग्रामसभेचं पण तेच. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही! सह्या नंतर घरोघरी फिरून.

एप्रिलमध्ये नळयोजनेची मोटार जळाली तेव्हा समितीची मीटिंगच झाली नाही. आमच्या गटाने ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघात, विषय काढला, त्याच रात्री पैसे उचलले, डेअरीवाल्या भाऊंनी सकाळी दुधाच्या कॅनांशेजारी मोटार ठेवून तालुक्याला नेली, रिवाइंडिंग होऊन तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. गट, ग्रामसंघ, डेअरी, ही साखळी होती म्हणून गावाची तहान भागली, पण फॉर्ममध्ये प्रत्येक संस्थेचा रकाना वेगळा, कोण कुणाच्या उपयोगी पडलं हे लिहायला जागाच नाही.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय होतो आणि त्याआधी अभ्यास गटात विषयाची नीट चर्चा झालेली असते. असं एकमेकांना धरून चालणं नुसत्या रजिस्टरमधून कसं कळणार? त्यासाठी बायकांना, डेअरीवर येणाऱ्यांना विचारायला हवं की अडचण आली तर पहिला फोन कुणाला करता, आणि तो उचलतो का.

पुढच्या वेळी टीमने सकाळी सहाला यावं, आधी डेअरीवर. अर्धं गाव तिथेच भेटतं. वही मी तिकडेच घेऊन येईन.

आपली,
बचत गटाची एक सचिव