बाबांना ‘हलू नका’ न म्हणणाऱ्या फोटोग्राफर ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

काल फोटो हातात आले. तेव्हापासून घरात कुणाचंच कामात लक्ष नाही. जो तो येता-जाता ते पाकीट उघडून बघतोय. तुम्हाला फोनवर ‘थँक्यू’ म्हटलं खरं, पण त्याने माझं समाधान झालं नाही. मनात जे आहे ते सगळं लिहून काढावं आणि चार लोकांनीही वाचावं असं वाटलं, म्हणून हे पत्र. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. त्याला तुमची ना आहे, हे ठाऊक आहे.

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवलं की या खेपेला वस्तू द्यायची नाही. काहीही आणलं की ‘कशाला खर्च केलात’ म्हणून ते कपाटात जातं. आणि इतक्या वर्षांत आम्हा सगळ्यांचा एकत्र असा धड फोटोच नव्हता. कार्यक्रमांतले पुष्कळ आहेत, पण त्यात एक तरी डोकं कापलेलं, नाहीतर फोटो काढणारा भाऊच गायब. म्हणून फोटोशूट भेट द्यायचं ठरलं.

तुमच्याआधी आम्ही एका स्टुडिओत जाऊन आलो होतो. तिथलं सांगितल्याशिवाय तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते वाचणाऱ्याला कळायचं नाही. भावाने गिफ्ट व्हाउचर घेतलं होतं. तिथे गेल्यावर समजलं की व्हाउचरमध्ये फक्त फोटो काढून घेणं येतं, प्रिंटचे आणि फाइलींचे पैसे वेगळे. भेट देणाऱ्यांनी हे आधी नीट विचारून घ्यावं, बऱ्याच ठिकाणी असंच असतं. पण पैशांचं दुःख नाही. बाबांना पार्किन्सन आहे. त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असला की थरथरतो. तिथला फोटोग्राफर दर दोन मिनिटांनी ओरडायचा, ‘आजोबा, हात हलवू नका!’ तो ओरडला की सगळे त्या हाताकडे बघायचे, आणि सगळे बघायला लागले की हात जास्तच थरथरायचा. शेवटी त्याने हातावर एक उशी ठेवली. मग ‘आजोबा, स्माइल! स्माइल करा ना!’ सुरू झालं. आईला म्हणाला, ‘चष्मा काढा, चमकतोय.’

बाबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते फोटो आम्ही घेतलेच नाहीत. दाखवलेल्या नमुन्यांत सगळ्यांच्या सुरकुत्या पुसलेल्या होत्या, आईच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा गेला होता. आई म्हणाली, ‘ही बाई कोण?’

जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने या दुखण्यावर लिहिलं ते १८१७ साली. दोनशेच्या वर वर्षं झाली, तरी लोकांना या आजारातली थरथर तेवढी माहीत असते. चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि माणूस आतून कितीही खूश असला तरी ते चेहऱ्यावर उमटत नाही, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ‘बाबा रागावलेत का?’ हा प्रश्न आम्ही किती जणांकडून ऐकलाय! अशा माणसाला ‘स्माइल करा’ म्हणून दरडावणं म्हणजे काय, ते त्या दिवशी बाबांच्या डोळ्यांत दिसलं.

त्यामुळे तुम्हाला पहिला फोन केला तो मी धास्तावूनच. आजाराचं आधीच सांगून टाकलं, की नको असेल तर आत्ताच नाही म्हणा. तुम्ही ना पॅकेजचं बोललात ना बॅकग्राउंडचं. तुम्ही विचारलंत, ‘काकांना दिवसात कुठल्या वेळी सगळ्यात बरं वाटतं?’ ताई, हा प्रश्न आम्हाला फक्त बाबांच्या डॉक्टरांनी विचारला होता. गोळीचा असर असतो तेवढा वेळ बाबा मोकळे असतात, तो उतरायला लागला की खुर्चीतून उठणंही जड जातं. तुम्ही तुमची वेळ त्यांच्या गोळीवर बेतलीत आणि स्टुडिओत न बोलावता स्वतः घरी आलात.

आल्यावर बराच वेळ तुम्ही कॅमेरा बाहेरच काढला नाहीत. खिडकीचा पडदा सारलात, सोफा थोडा तिरका केलात. फ्लॅश लावणार का, असं भाचीने विचारलं तेव्हा म्हणालात, ‘खिडकीचा उजेड पुरे आहे. फ्लॅशने काका दचकतील.’ बाबांना किंचित हसू आलं. आम्हाला ते ओळखता येतं. तुम्हालाही ओळखता आलं, हे मी तेव्हाच पाहिलं.

आणि मग ती चष्म्याची गोष्ट. हे सगळं पत्र खरं म्हणजे तेवढ्यासाठीच आहे.

आईच्या चष्म्यावर खिडकीची चमक येत होती. मला वाटलं, झालं, आता काढायला सांगणार. तुम्ही वाकून बघितलंत आणि बाबांना म्हणालात, ‘काका, काकूंच्या चष्म्यावर बोटं उमटलीत. जरा पुसून देता का?’ आईचा चष्मा बाबाच पुसायचे, अगदी आमच्या लहानपणापासून. सकाळी पेपर उघडायच्या आधी दोघांचे चष्मे शर्टाच्या टोकाने पुसायचे हा त्यांचा नेम. आजार वाढला तसा तो कधी सुटला ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं. तुम्हाला हे माहीत असणं शक्य नव्हतं. तुम्हाला एवढंच माहीत होतं की हात कामाला लागला की ती थरथर कमी होते.

बाबांनी चष्मा घेतला. आधी एक काच, मग दुसरी, सावकाश. मग तो आईच्या डोळ्यांवर चढवायला पुढे वाकले. एक काडी कानामागे गेली, दुसरी काही जाईना. भाऊ मदतीला पटकन पुढे झाला. आणि तुम्ही त्याच्याकडे न बघताच, डोळा कॅमेऱ्याला लावलेला असताना, डावा हात नुसता वर केलात. थांब. बस, तेवढंच. भाऊ होता तिथेच थांबला, आम्ही सगळेच थांबलो. आईने डोळे मिटून चेहरा पुढे धरला होता, आणि बाबांनी त्यांना लागला तेवढा वेळ घेऊन दुसरी काडी कानामागे बसवली.

ताई, गेली काही वर्षं बाबांनी काहीही हातात घेतलं की आम्ही धावतो. प्रेमापोटीच धावतो. पण त्या दिवशी त्यांना वेळ दिला तो तुम्ही.

नंतर मी फोटोग्राफीविषयी थोडं वाचलं. १८३९ साली दागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढायची पद्धत जगापुढे आली तेव्हा एका फोटोला मिनिटंच्या मिनिटं लागायची. पुढे माणसांचे फोटो निघायला लागले तेव्हाही मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. त्या काळी ‘हलू नका’ म्हणणं भागच होतं. बाबांचा हात सेकंदाला ४ ते ६ वेळा थरथरतो, आणि तुम्ही सांगितलंत की तुमचा कॅमेरा १/२५० सेकंदात फोटो घेतो. इतक्या वेळात तो हात हलून हलून किती हलणार? म्हणजे त्या पहिल्या माणसालाही ओरडायची काही गरज नव्हती. याचा राग मला अजून येतो.

ग्रुप फोटोत दर वेळी कुणाचे ना कुणाचे डोळे मिटत होते आणि तुम्ही न कंटाळता फोटो घेत होतात. मुलं सोफ्यावर उड्या मारत होती त्याचंही तुम्हाला काही वाटलं नाही. फोटो निवडायला बसलो तेव्हा तुम्ही लॅपटॉप सरळ बाबांसमोर ठेवलात. माझ्यासमोर नाही आणि पैसे देणाऱ्या भावासमोर तर नाहीच. ‘काका, काही पुसायचं आहे का यातलं?’ असं विचारलंत आणि उत्तराची वाट बघितलीत. बाबांचा आवाज हल्ली फार बारीक झालाय, लोक त्यांचं वाक्य संपायच्या आतच आमच्याकडे वळतात. तुम्ही वळला नाहीत. ‘काही नको, आहे तसंच राहू दे,’ हे त्यांचं पूर्ण वाक्य तुम्ही ऐकून घेतलंत. आईचा तीळ जागच्या जागी आहे, हे वेगळं सांगायला नको.

चांगुलपणा म्हटला की आपल्याला मोठमोठ्या देणग्या आणि त्याग आठवतात. पण घरात आजारी माणूस असला की रोज गरज पडते ती दुसऱ्याच चांगुलपणाची. रांगेत मागच्याने उसासा न टाकण्याची. रिक्षावाल्याने माणूस नीट बसेपर्यंत गाडी न हलवण्याची. काउंटरवरच्या माणसाने ‘यांना काय हवंय?’ असं आम्हाला न विचारता त्यांनाच विचारण्याची. याला पैसा लागत नाही, शिक्षणही लागत नाही, आणि तरी असा माणूस भेटला की आम्ही त्याला महिनोन्‌महिने विसरत नाही.

मोठी प्रिंट चांगल्या कागदावर काढून घ्या, नुसती पेनड्राइव्हवर ठेवू नका, उन्हात लावू नका, हे तुमचं सगळं ऐकलं आहे. चष्म्याचा फोटो बाबांनी आपल्या खुर्चीतून दिसेल अशा भिंतीवर लावायला सांगितलाय. जागा त्यांनीच बोटाने दाखवली, खिळा भावाने ठोकला. ग्रुप फोटो आईने मागितला होता, पण आता तिला दोन्ही हवेत. तेव्हा चष्म्याच्या फोटोची आणखी एक लहान प्रत, तिच्या पर्समध्ये मावेल एवढी, काढून ठेवाल का?

आत्याने तुमचा नंबर मागितला, मी दिला आहे. तिच्या यजमानांना ऐकू कमी येतं आणि त्यापायी तेही फोटोला तयार नसतात. मी तिला सांगितलंय, तू नुसता फोन कर, पुढचं त्या बघतील.

तुमची,
चष्म्याच्या फोटोतल्या काका-काकूंची थोरली मुलगी