सेंद्रिय भाजीपाल्याला घाऊक बाजारात स्वतंत्र गाळा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सेंद्रिय शेतमालाच्या विक्रीचा विषय निघाला की शहरातले शेतकरी आठवडे बाजार, सोसायटीच्या फाटकाशी उभा राहणारा टेम्पो आणि व्हॉट्सॲपवर नोंदवली जाणारी मागणी एवढ्यावरच चर्चा संपते. पुरंदर तालुक्यात रासायनिक खते आणि कीटकनाशके न वापरता भाजीपाला पिकवणाऱ्या आमच्या अठरा जणांच्या गटाने हे तिन्ही मार्ग वापरले आहेत आणि त्यांनी आम्हांला आधारही दिला आहे. पण या मार्गांनी आमचा निम्मा मालसुद्धा खपत नाही. उरलेला माल शेवटी घाऊक बाजारातच जातो आणि तिथे गाळ्यावर उतरला की त्याचे सेंद्रियपण संपते. आम्हांला पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मिळते ती इतर मालाच्याच भावाची.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या घाऊक बाजारात आम्ही प्रत्येक क्रेटला प्रमाणपत्राची प्रत बांधून टोमॅटो पाठवला होता. आडत्याने, म्हणजे आडत (कमिशन) घेऊन माल विकून देणाऱ्या मध्यस्थाने, कागद कौतुकाने वाचला, बाजूला ठेवला आणि माल शेजारच्या ढिगाच्याच भावाने विकून टाकला. पट्टीवर फक्त क्रेटची संख्या, वजन आणि दर लिहिलेला होता. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, कारण पहाटेच्या दोन-तीन तासांत शेकडो क्रेटचा निकाल लावणाऱ्या माणसाला बावीस क्रेटसाठी वेगळा खरेदीदार शोधत बसणे परवडणारे नव्हते. शिवाय आडत्या आलेला सगळा माल घेतो, पैसे लवकर देतो आणि अडीअडचणीला उचलही देतो. या तिन्ही गोष्टी करणारी दुसरी व्यवस्था उभी न करता त्याला नुसती दूषणे देणारे लोक बहुधा माल घेऊन बाजारात कधी गेलेले नसतात.

खरी अडचण मालाच्या आकारमानाची आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे आणि सेंद्रिय शेती करणारा शेतकरी तेवढ्या जमिनीतही एकच पीक घेत नाही. जमिनीचा कस राखायचा आणि कीड आटोक्यात ठेवायची, तर वाटाण्याच्या शेजारी मेथी, घेवड्यात मका, कडेला झेंडू अशी मिसळ करावीच लागते. त्यामुळे एका तोड्याला त्याच्याकडे पाच प्रकारचा माल निघतो आणि प्रत्येकाचे दोन-चारच क्रेट भरतात. घाऊक खरेदीदाराला मात्र एकाच प्रतीचे पन्नास क्रेट रोज आणि ठरल्या वेळी हवे असतात. जी पद्धत शेत टिकवते तीच बाजारात शेतकऱ्याला लहान करते, आणि हा पेच एकट्या शेतकऱ्याच्या हिकमतीने सुटत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता वाट बरीच मोकळी झालेली आहे. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला, म्हणजे तिथल्या विक्रीवर बाजार समितीचे बंधन ठेवले नाही, आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. दहा उत्पादक एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनी स्थापन करू शकतात. शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेतांच्या केलेल्या तपासणीवर चालणाऱ्या पीजीएस या प्रमाणीकरण पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांच्या गटाला फारसा खर्च न करता प्रमाणपत्र मिळते. परंतु अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या सेंद्रिय अन्नविषयक नियमांत वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्राच्या अटीतून जी सवलत दिली आहे, ती त्याने थेट ग्राहकाला माल विकला तरच लागू होते. लहान शेतकरी घाऊक बाजारातही सेंद्रिय म्हणूनच माल नेईल, ही शक्यता धोरण आखणाऱ्यांनी फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

माल आणि त्याची ओळख दोन्ही शेतापासून खरेदीदारापर्यंत एकत्र नेणे अशक्य आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने आपल्याच राज्यातील द्राक्षांकडे पाहावे. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशांमुळे युरोपात आपल्या द्राक्षांची अडवणूक झाली आणि त्यानंतर २००६ मध्ये अपेडाने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने, ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली. तिच्यात बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो आणि युरोपातल्या दुकानात पोहोचलेल्या पेटीवरून ती कोणत्या बागेतून आली हे सांगता येते. या कामात मोठा वाटा असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीला आहे. परदेशी ग्राहकासाठी बागेपर्यंत माग काढणारी यंत्रणा आपण उभी केली, मग पुण्याच्या ग्राहकासाठी निदान गटापर्यंत माग काढणारी साधी यंत्रणा उभी करणे अवघड का वाटावे? प्रत्येक क्रेटला गटाचा क्रमांक आणि तोडणीची तारीख लावणे, तीच नोंद पट्टीवर उतरवणे आणि अधूनमधून कोणतीही पूर्वसूचना न देता नमुना तपासणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. स्वतंत्र गाळा झाला की फवारलेला माल सेंद्रिय म्हणून आणणारेही येतील, हे मी गृहीत धरतो. म्हणूनच पकडल्या गेलेल्या संपूर्ण गटाचा प्रवेश हंगामभर बंद करण्याचा नियम पहिल्या दिवसापासून असला पाहिजे, कारण तसे केले तरच शेजारी शेजाऱ्याच्या शेताकडे लक्ष ठेवील.

पॅरिसजवळच्या रुंजिस या प्रचंड घाऊक बाजारात २०१६ पासून सेंद्रिय मालासाठी वेगळी इमारत आहे. तेवढी मोठी मागणी आम्ही करत नाही. पुणे बाजार समितीच्या मांजरीच्याच उपबाजारात, जिथे शेतकरी किरकोळ विक्रेत्यांना स्वतः माल विकतात, आठवड्यातील तीन दिवस एक गाळा प्रमाणित मालासाठी राखून ठेवावा, म्हणजे किरकोळ विक्रेत्यांबरोबर खाणावळी, रुग्णालये आणि वसतिगृहे यांच्या खरेदीदारांनाही एकाच ठिकाणी यावे लागेल. त्याच्या जोडीला सासवडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी प्रतवारी आणि पूर्वशीतकरणाची (तोडलेला माल पाठवण्याआधी थंड करण्याची) सोय असलेले संकलन केंद्र हवे. ते चालवण्याचे काम शेतकरी उत्पादक कंपनीकडे द्यावे, मात्र तिला खेळते भांडवल पुरवल्याशिवाय हे काम सांगू नये. शेड आणि यंत्रे अनुदानातून उभी राहतात आणि नंतर कुलूपबंद पडून राहतात. कारण शेतकऱ्याला माल आणल्याच दिवशी देण्यासाठी कंपनीच्या हातात रोख रक्कम नसते आणि शेतकरी दुसऱ्या दिवशी निमूटपणे आपल्या जुन्या आडत्याकडे जातो.

लागवडीचे वेळापत्रक ही आमचीही जबाबदारी आहे आणि ती आम्ही आजवर नीट पार पाडलेली नाही. आमच्या गटात एका वर्षी सगळ्यांनी एकाच आठवड्यात वाटाणा पेरला, त्यामुळे पंधरा दिवस माल ठेवायला जागा नव्हती आणि पुढचे पंधरा दिवस खरेदीदाराला द्यायला काही नव्हते. आता पेरणीत आठ-आठ दिवसांचे अंतर ठेवण्याचे गटाने ठरवले असून कोणत्या आठवड्यात कोणत्या भाजीचे किती क्रेट देता येतील याचा तक्ता तयार केला आहे. तो तक्ता आणि वरील मागण्यांचे निवेदन आम्ही पणन मंडळाला व बाजार समितीला देणार आहोत. खरिपातील वाटाणा साधारण ऑगस्टअखेरीस तोडणीला येतो, तेव्हा त्याआधी निदान एका गाळ्याबाबत निर्णय व्हावा अशी विनंती आपल्या दैनिकाच्या माध्यमातून करीत आहे.

आपला नम्र,
एक भाजीपाला उत्पादक
ता. पुरंदर, जि. पुणे