गाडीत वाचू नकोस

चि. सोनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारपासून तू माझ्याशी धड बोललेला नाहीस. डबा उचलतोस, "येतो" म्हणतोस आणि जिना उतरतोस. म्हणून हे पत्र तुझ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात ठेवतोय. गाडीत वाचू नकोस. बसायला मिळालं तर वाच, नाहीतर कॉलेजात पोहोचल्यावर.

गुरुवारी स्टेशनच्या पुलावरून मी तुला पाहिलं, त्याबद्दल आज एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवलंय. आज लिहायचंय ते फाइव्ह गार्डनबद्दल.

काल तू सबमिशनला मित्राकडे गेलास आणि मी माटुंग्याला जाऊन आलो. ठाण्याहूनच सुटणारी स्लो घेतली. थोडं आधी गेलं की निदान चौथी सीट मिळते. सायन गेलं की उठायचं, पुढचं माटुंगाच. तुझी ती मागून भरून येणारी फास्ट माटुंग्याला थांबतसुद्धा नाही. दादरला उतरून परत मागे यायचं, यात अशी किती मिनिटं वाचतात रे? राहू दे.

रुईयाच्या बाजूने बाहेर पडलो, आंबेडकर रोड ओलांडला आणि पारशी कॉलनीत शिरलो. स्टेशनचा गलका मागे पडला. तू रोज तिथून जातोस, पण थांबून बघितलंस का कधी? मधे गोल चौक, त्यातून फुटणारे रस्ते आणि त्या रस्त्यांच्या मधे एकेक बाग. भोवती बसक्या इमारती, रुंद बाल्कन्या, आणि रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी झाडं. एका बागेत पोरं क्रिकेट खेळत होती, दुसरीत आजीआजोबा फेऱ्या मारत होते. तुझ्या कॉलेजची मुलंही बाकांवर वह्या उघडून बसली होती. त्यांच्यात मी तुला शोधत होतो, तू तिथे नाहीस हे माहीत असूनही.

या बागेला मंचेरजी जोशींचं नाव आहे. हे जोशी पारशी, आणि पेशाने इंजिनिअर. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. कोंदट चाळींमधून, एकेका खोलीत दाटीने राहणारी माणसं पटापट गेली. त्यानंतर 1898 मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि शहर उत्तरेला पसरवायला घेतलं. दादर-माटुंग्याची आखणी त्यातलीच. तिथले 103 प्लॉट मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी राखून ठेवायला मंचेरजींनी सरकारला राजी केलं. मला त्यात सगळ्यात मोठी वाटते ती मोकळी ठेवलेली जागा. दाटीने माणूस मरतो हे डोळ्यांनी बघितलेल्या पिढीने शहरात पाच बागा सोडल्या. दाटीने माणूस मरतो, सोनू. तेव्हा खोलीत मरत होता.

बघ, परत तिथेच आलो. पण आलोच आहे तर लिहून टाकतो. तुझा एक पाय आत होता, दुसरा हवेत. सॅक पाठीवर होती, पुढे नव्हती. एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात मोबाइल. जून 2025 मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकणारी माणसं समोरून जाणाऱ्या गाडीच्या लटकणाऱ्यांना घासून पडली, ती बातमी आपण दोघांनी जेवताना बघितली होती. तूच टीव्ही बंद केला होतास. ती माणसंही कामालाच निघाली होती. आमच्या ग्रुपमधला एक जण कळव्याच्या अलीकडे खांबाला लागून गेला, तो तर आमच्यात सगळ्यात धट्टाकट्टा होता. त्याच्या घरी निरोप द्यायला मी गेलो होतो. दार त्याच्या आईने उघडलं होतं.

उपदेश नको म्हणालास, आणि मी पानभर तोच केला. राग मानू नकोस.

तुला एक सांगायचं राहिलंय. लग्न ठरल्यावर आई आणि मी याच बागेत भेटायचो. हिंदू कॉलनीतल्या घरातून ती चालत यायची आणि तिच्यासोबत पाठराखीण म्हणून मावशी. मावशी मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसायची. आईला झाडांची नावं यायची. पर्जन्यवृक्ष संध्याकाळी पानं मिटतो हे तिनेच मला दाखवलं. मी ठाण्याचा म्हणून तिच्या वडिलांची जरा कुरकुर होती, फार लांब म्हणून. मी त्यांना म्हणालो होतो, लांब कसलं, देशातली पहिली प्रवासी गाडी आमच्याच गावाला आली, 16 एप्रिल 1853 ला. बोरीबंदर ते ठाणे, चारशे माणसं घेऊन. ते हसले आणि होकार पक्का झाला. नौपाड्यात आल्यावर मात्र आई रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहायची. गाड्या बंद पडल्या की भाजी करपली तरी आत जायची नाही. आता त्या गॅलरीत मी उभा असतो. तिने हे इतकी वर्षं कसं काढलं असेल, ते मला आत्ता कळतंय.

व्हीजेटीआयची लिस्ट लागली त्या रात्री तिच्या फोटोसमोर पेढे ठेवताना तू काही बोलला नाहीस. मी मात्र अख्ख्या सोसायटीला सांगत सुटलो होतो. दूधवाल्यालाही सांगितलं, 1887 पासूनचं कॉलेज आहे म्हणून. अजूनही कोणी विचारलं की मी कॉलेजचं पूर्ण नाव घेतो.

काल मावशीकडेही गेलो. मागची खोली तिने तुला राहायला म्हणून झाडून ठेवली आहे. खिडकी गल्लीकडे उघडते, टेबल आईचंच आहे. तिथून कॉलेज पायी गाठता येतं. तू नाही का म्हणतोस ते मला माहीत आहे. गुरुवारी रागात बोलून गेलास, "तुझ्या रात्रीच्या गोळ्या कोण बघणार?" ते वाक्य मी तेव्हापासून विसरलेलो नाही. पण गोळ्यांचे डबे मी वारांप्रमाणे लावले आहेत. ताई रोज साडेनऊला फोन करते. शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे. तू रोज माझ्यासाठी परत यायचं आणि मी रोज पत्रिका बघितल्यासारखं रेल्वेचं ॲप बघत बसायचं, यात कोणाची काळजी मिटते?

परीक्षेपर्यंत तरी राहून बघ. शनिवारी दुपारी घरी ये, तेव्हा गाड्यांना त्यातल्या त्यात गर्दी कमी असते. टेबलफॅन आणि आजीची चादर मी पोचवीन. मावशीला उद्या फोन कर, तिला वाटतंय तुला तिच्याकडचं जेवण आवडत नाही. आणि तरीही नाहीच म्हणायचं असेल तर माझ्याशी बोल, पण बोल. मग निदान सकाळी दहा मिनिटं आधी नीघ आणि ठाणा लोकल धर. सॅक पुढे घे. सुटलेली गाडी सोडून दे.

आमटी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे.

तुझा,
बाबा