मंत्रीजी, आमच्या गल्लीतल्या चराचा हिशेब द्या

माननीय मंत्रीजी,

सादर नमस्कार. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वाचलं की तुम्हाला कळेलच. हे पत्र मी डाव्या हाताने मोबाईलवर टाइप करतेय, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मागच्या गुरुवारी संध्याकाळी दत्ताच्या आरतीला निघाले आणि दारापासून वीस पावलांवर सिवर लाइनसाठी खोदून ठेवलेल्या चरात पडले. दिवा नाही, बॅरिकेड नाही, एक दोरीसुद्धा बांधलेली नाही. मनगटाची दोन्ही हाडं मोडली, प्लेट घातली, 52 हजार खर्च झाले, लेक पुण्याहून रजा टाकून आली. माझं वय 67. वेणी घालायलासुद्धा शेजारच्या वहिनींना बोलवावं लागतं, आणि रात्री हात ठणकायला लागला की मला तुमचं ते भाषण आठवतं.

आठवतंय का तुम्हाला? पावसाळ्याआधी ग्वाल्हेरात आमच्या लष्कर भागातल्या हॉलमध्ये आला होतात. माईकवर म्हणालात की प्रत्येक कामाचा बोर्ड लागेल, त्यावर रक्कम, ठेकेदार आणि मुदत लिहिलेली असेल, आणि बिल पास व्हायच्या आधी एमबी, म्हणजे मेजरमेंट बुक, झालेल्या कामाच्या मापांची वही, मोहल्ल्याच्या नागरिक समितीला दाखवलं जाईल. आम्ही सात जणांनी नावं दिली, तुमच्याबरोबर फोटो काढले. समितीला आजपर्यंत एमबीचं एक पानसुद्धा दिसलेलं नाही. बोर्ड तर लागलाच नाही, त्यामुळे हे काम राज्याच्या पैशातून चाललंय, केंद्राच्या की बाहेरच्या कर्जातून, हेही आम्हाला माहीत नाही.

मी 31 वर्षं ऑडिटमध्ये काढली आहेत मंत्रीजी. एजी ऑफिस, म्हणजे महालेखाकारांचं कार्यालय, ग्वाल्हेरात आहे, मध्य प्रदेश सरकारचा हिशेब या शहरात ठेवला जातो, आणि माझ्याच गल्लीतल्या पाइपाचा हिशेब मला मिळत नाही. साइटवरच्या इंजिनियरने तोंडी 180 मीटर सांगितले. आम्ही चेंबरपासून चेंबरपर्यंत टेप लावली तर 131 भरले. मधले 49 मीटर कुठे गेले एवढंच विचारायचं होतं म्हणून दहा रुपये भरून आरटीआय टाकला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(जे) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचासुद्धा हक्क आहे, तोही मागितला. उत्तर काय आलं? ठेकेदाराची व्यक्तिगत माहिती आहे, देता येत नाही. सरकारी पैशाने पुरलेला पाइप व्यक्तिगत कसा? 2023 च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने आरटीआयचं व्यक्तिगत माहितीबद्दलचं कलम 8(1)(जे) बदललं, सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर माहिती द्या ही जुनी वाट त्या कलमातून काढून टाकली, आणि आता तेच कलम आमच्या तोंडावर फेकलं जातंय. कलम 8(2) अजून जिवंत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, पण ते वाचायची तसदी कोण घेणार!

आणि ही टेप लावायला आम्हाला शिकवलं कोणी ते पण ऐका. एका छोट्या संस्थेच्या दोन मुली यायच्या. वर्क ऑर्डर कशी वाचायची, पाइपावरचा आयएसआय मार्क कुठे बघायचा, सगळं त्यांनी दाखवलं. त्यांचा पगार एका मोठ्या संस्थेकडून यायचा, तिला बाहेरून अनुदान होतं. 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, परदेशी मदत एका संस्थेने दुसरीला द्यायची नाही असं ठरलं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, आणि त्या मुली घरी बसल्या. बाहेरच्या पैशाची एवढी भीती असेल तर सरकार स्वतः कर्ज का घेतं? 2003 मध्ये एशियन डेव्हलपमेंट बँकेने भोपाळ, इंदूर, जबलपूर आणि आपल्या ग्वाल्हेरच्या पाणी नि सिवरसाठी 20 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. कर्ज फेडायचं जनतेच्या पैशातून आणि मोजायचं मात्र जनतेने नाही?

संस्थासुद्धा सगळ्या धुतल्या तांदळाच्या नाहीत, हॉटेलात वर्कशॉप करून रिपोर्ट पाठवणाऱ्याही मी पाहिल्यात. आणि नुसत्या मदतीने लढाई उभी राहत नाही हेही कबूल. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने असल्या अनुदानाशिवायच 1994 पासून जनसुनवाया घेतल्या, गावासमोर मस्टर रोल, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, मोठ्याने वाचले तेव्हा मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचललेली निघाली. 1996 मध्ये ब्यावरला 40 दिवस धरणं धरलं. "हमारा पैसा, हमारा हिसाब" तिथलंच. आपला 2005 चा माहिती अधिकार कायदा त्या धुळीतून आलाय, कोणत्या मंत्र्याने दान दिलेला नाही. युगांडात 1991 ते 95 मध्ये शाळांच्या अनुदानातले शंभरातले फक्त 13 शाळेपर्यंत पोचत होते, मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते पेपरात छापायला सुरुवात केली, शाळेच्या भिंतीवर आकडा लावला, गळती पुष्कळ कमी झाली. बोर्ड लावायला किती खर्च येतो मंत्रीजी?

आमच्या समितीतल्या एका काकांचं किराणा दुकान आहे. टेप लावल्यानंतर चौथ्या दिवशी दोन माणसं येऊन काउंटरवर हात ठेवून म्हणाली, काका, दुकान शांतपणे चालवायचंय ना. ते आता मीटिंगला येत नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. तळेगावचे आरटीआय कार्यकर्ते सतीश शेट्टी 2010 च्या जानेवारीत मारले गेले, त्याच वर्षी जुलैत दुसरे आरटीआय कार्यकर्ते अमित जेठवा यांना अहमदाबादेत हायकोर्टासमोर गोळ्या घातल्या. तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली, तो लागू मात्र आजतागायत केलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराला 2011 मध्ये भारताने मान्यता दिली, त्याचं कलम 13 म्हणतं की समाजाला या कामात सामील करून घ्या. आमच्या किराणावाल्या काकांना कोण सामील करून घेणार?

मला नुकसानभरपाई नको. चर बुजवा, तोपर्यंत दिवा लावा. बोर्ड लावा. एमबी दाखवा. 49 मीटरचं बिल निघालं असेल तर वसूल करा. आणि समितीला जे लेखी अधिकार देणार म्हणाला होतात ते द्या, फोटो तुमच्याकडेच राहू दे.

मंगळवारी सरकारी जनसुनवाईला मी येतेय, प्लास्टरसकट, आणि टेप धरायला शेजारच्या वहिनी येणार आहेत.

आपली,
लष्कर, ग्वाल्हेर इथली एक रहिवासी