चूक निस्तरायलाही पाने हवीत

महोदय,
जबाबदारीची जाणीव देणारे चित्रपुस्तक निवडताना पालक-शिक्षकांनी आधी पाने मोजावीत. असे पुस्तक बहुधा 32 पानांचे, म्हणजे 16 पानांच्या दोन फॉर्मचे (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या संचांचे) असते. शीर्षक, श्रेयनामावली वगळता गोष्टीला 12 ते 14 जोडपाने (उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पाने) उरतात. पुष्कळदा त्यातली बहुतेक चूक आणि लपवाछपवीतच संपतात. मग आई किंवा बाई येतात, दोन वाक्यांत उपदेश करतात आणि शेवटच्या चित्रात सगळे हसतात. ‘सॉरी’ म्हटले की प्रकरण मिटते, एवढेच मुलाच्या हाती लागते.

निस्तरण्याला निदान चार जोडपाने हवीत. मैत्रिणीच्या चित्रावर पाणी सांडले, तर सांगण्याआधीची घालमेल दिसावी, तिचा पडलेला चेहरा दिसावा, फडके आणणे, कागद वाळत घालणे दिसावे. आणि वाळल्यावरही उरलेला डाग. तो डाग चित्रकाराने कृपया पुसू नये! नुकसानही मुलाच्या आवाक्यातले हवे: सांडणे, फाटणे, दिलेला शब्द मोडणे. घराला आग लागल्याचे दाखवले, तर चार-पाच वर्षांचे मूल नुसते घाबरते.

वाचताना कबुलीच्या आधीच्या पानावर थांबून ‘आता ती काय करेल?’ एवढेच विचारावे. ‘तूही काल असंच केलंस ना?’ हे नको. मूल गप्प होते. घरात भांडण झाल्याबरोबर हे पुस्तक काढणेही टाळावे, कारण मग मुलाला ते शिक्षेसारखे वाटते. एरवीच्या गोष्टींमध्येच ते सहज वाचले जावे.

— चित्रपुस्तकांचे काही संपादक व चित्रकार, पुणे