वाद्य बदलले, धार नाही

रविवार पुरवणीतील पी. जे. हार्वे यांच्यावरील लेखात ‘गिटार बाजूला ठेवल्यावर त्यांचे संगीत मवाळ झाले’ असा सूर आहे. तो पटत नाही. वाद्य बदलणे ही या इंग्लिश गायिकेची कामाची रीतच आहे. १९९३च्या ‘रिड ऑफ मी’ या अल्बममध्ये भर गिटार, बास आणि ड्रम्सवर होता. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी हळू आणि दणदणीत भागांतले अंतर इतके राखले, की हळू भाग ऐकू यावा म्हणून सुरुवातीला आवाज वाढवणाऱ्याच्या कानठळ्या नंतर बसतात. २००७च्या ‘व्हाइट चॉक’मध्ये पियानो आला, गळाही वरच्या पट्टीत गेला.

‘लेट इंग्लंड शेक’साठी (२०११) त्यांनी ऑटोहार्प हे तारांचे वाद्य घेतले. त्यात तारांवरची एक आडवी पट्टी दाबली की नको असलेल्या तारांवर फेल्ट (नमद्याचा तुकडा) टेकते आणि उरलेल्या, म्हणजे त्या कॉर्डच्याच (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) तारा घुमतात. तारा साधारण ३६. हवा बदलली की उतरतात, मग एकेक लावत बसा! गिटारचा आघात यातून निघत नाही, निघते ती झिणझिण. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातील एका चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झालेली ही गाणी युद्धाची आहेत, आणि तुटलेल्या देहांचे वर्णन त्या नाजूक झिणझिणीवर अधिकच बोचते. याला मवाळ कसे म्हणायचे?

वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठी ब्रिटनमध्ये दिला जाणारा मर्क्युरी पुरस्कार दोनदा मिळवणाऱ्या त्या एकमेव कलाकार: २००१मध्ये आणि याच ‘मवाळ’ अल्बमसाठी २०११मध्ये. लेखात फक्त पहिल्याचा उल्लेख आहे.

– एक वाचक, पुणे