घोड्याला कोण विचारतं?

संपादक साहेब, नमस्कार.

पडद्यावर घोडा कोसळला की आपण टाळ्या वाजवतो, पण पूर्वी तो कसा पाडायचे माहितीये का, पुढच्या पायांना तार बांधायची आणि भरधाव पळताना ती ताणली जायची, कितीतरी घोडे त्यात कायमचे गेले. १९३९ च्या एका हॉलिवूडपटासाठी घोड्याला कड्यावरून पाण्यात पाडलं, तो मेला, लोक भडकले, तेव्हा कुठे १९४० पासून सेटवर प्राण्यांसाठी देखरेख सुरू झाली. माणसांचंही तेच, १९८२ मध्ये शूटिंगला हेलिकॉप्टर कोसळून एक नट आणि दोन लहान मुलं गेली, मुलं हो! आता कॉम्प्युटरवर सगळं दाखवता येतं, मग जीव कशाला पणाला लावायचा? आणि स्टंटवाल्याला, काम न जाता, ‘नाही’ म्हणायचा हक्क द्या.

एक वाचक